साठ कीं आठ ? — कंडेन्सर आणि कंपनसंख्या

ज्या वस्तूविषयीं मी आज बोलणार आहें ती आपल्या घरांत या क्षणीं शेंकडों ठिकाणीं आहे. आपल्या डोक्यावर फिरणाऱ्या पंख्यांत ती आहे, हें भाषण आपण ज्या यंत्रावर ऐकत आहां त्यांत ती आहे, खिशांतल्या दूरध्वनींत तर ती कणाकणांनीं भरलेली आहे. तरी तिची आणि आपली ओळख बहुधा झालेली नसते. माझी ओळख झाली ती एका वादामुळें, आणि तो वाद एकाच अक्षरावरून होता.

माझें बालपण मालवणांत गेलें. आमच्या घराच्या ओटीवर एका फळीवर आजोबांचा रेडिओ असे. जुना, व्हॉल्व्हचा संच. लांकडी पेटी, पुढें कापड ताणलेलें, आणि चालू केल्यावर तापायला त्याला अर्धा मिनिट लागे. पावसाळ्यांत तो फार खरखरे. दूर कोठें वीज चमकली तरी ती आमच्या ओटीवर कडाडे. अखेर आजोबांनीं तो दुरुस्तीस दिला. परत आला तेव्हां खरखर जवळजवळ नाहींशी झाली होती. आवाज असा मऊ आणि गोड झाला होता, कीं आजी म्हणाली, "आतां कसा शहाण्यासारखा बोलतो !"

पुढें नारळी पौर्णिमा होऊन गेली, होड्या समुद्रांत जाऊं लागल्या. आश्विन संपतां संपतां एके दिवशीं हवा बदलली. आकाश पिंवळट झालें, माडांच्या झावळ्या उलट्या दिशेला वळूं लागल्या. आमच्या आवाठांत गाबीत मंडळींचीं बरींच घरें होतीं आणि रेडिओ फार थोड्यांकडे. सायंकाळीं हवामानाची सूचना ऐकण्यास दहा-पंधरा माणसें आमच्या ओटीवर जमलीं. सूचना आली, संपली, आणि वाद सुरू झाला. अर्ध्या मंडळींनीं ऐकलें, वाऱ्याचा वेग ताशीं साठ किलोमीटर होईल. अर्ध्यांनीं ऐकलें, ताशीं आठ. साठ म्हणजे होडी बुडविणारा वारा. आठ म्हणजे शीड भरायलाही पुरा न पडणारा. जे दोन तरुण त्या रात्रीं जाळीं घेऊन निघणार होते, ते हट्टानें 'आठ'च्या बाजूला होते. शेवटीं एक म्हातारा तांडेल, जो इतका वेळ पायरीवर बसून समुद्राकडे पाहात होता, तो उठला आणि म्हणाला, "माका पण आठच ऐकाक इले, पण दर्या साठ सांगता." होड्या वर ओढून ठेवण्यांत आल्या. सकाळीं आमच्या आवाठांतले तीन माड आडवे पडलेले होते.

आजोबा त्याच दिवशीं रेडिओ घेऊन एका जाणत्या कारागिराकडे गेले. मी बरोबर होतों. त्यानें पेटीची मागची बाजू उघडली, थोडा वेळ आंत पाहिलें, आणि करंगळीएवढी एक मेणचट नळी कापून माझ्या हातावर ठेवली. तो म्हणाला, "हिनें तुमची खरखर खाल्ली, आणि खरखरीबरोबर 'स' देखील खाल्ला." तिच्या जागीं त्यानें तशीच दुसरी, पण पुष्कळ लहान नळी जोडली. थोडी खरखर परत आली. पण साठ पुन्हा साठ झाले.

त्या नळीचें नांव कंडेन्सर. आज तिला कपॅसिटर म्हणतात, आणि मराठी परिभाषेंत धारित्र. मी मात्र जुन्या संवयीनें कंडेन्सरच म्हणेन. ही मुकी नळी शब्दांतला 'आ' सोडून नेमका 'स' कसा उचलते ? तिला कान आहेत काय ? या प्रश्नाचें उत्तर देणें एवढाच माझ्या आजच्या भाषणाचा हेतु आहे.

कंडेन्सरची रचना अत्यंत साधी आहे. धातूचे दोन पत्रे समोरासमोर ठेवावे, आणि त्यांच्यामध्यें वीज जाऊं न देणारा पदार्थ असावा, झाला कंडेन्सर. माझ्या हातावरची नळी मीं घरीं उलगडून पाहिली. धातूच्या वर्खाच्या दोन लांब पट्ट्या, मध्यें मेणकागद, आणि सर्वांची मिळून एक घट्ट गुंडाळी. युरोपांत १७४५-४६ सालीं क्लाइस्ट आणि मुशेनब्रोक या दोघांनीं स्वतंत्रपणें ज्या कांचेच्या बरणींत वीज सांठवून दाखविली, ती लायडनची बरणी हा पहिला कंडेन्सर. 'कंडेन्सर' हें नांव व्होल्टानें दिलें. एका पत्र्यावर वीज चढविली, कीं समोरच्या पत्र्यावर तितकीच विरुद्ध वीज ओढली जाते, आणि दोघी परस्परांना धरून ठेवतात. म्हणूनच संच बंद केल्यावरही मोठा कंडेन्सर कांहीं काळ भरलेला राहतो, आणि उत्साहाच्या भरांत पेटी उघडणाऱ्याला जोराचा, क्वचित् प्राणघातक, धक्का देऊं शकतो. ही सूचना मुलांकरितां आहे तशीच त्यांच्या वडिलांकरितांही आहे. सांठविण्याची ही शक्ति फॅरडेच्या नांवावरून फॅरड या मापानें मोजतात. पण तें माप रेडिओच्या कामास फार मोठें पडतें, म्हणून त्याचा दशलक्षांश भाग, म्हणजे मायक्रोफॅरड, तेथें चालतो.

आतां मौज अशी, कीं दोन पत्र्यांच्या मधून वीज पलीकडे जात नाहीं. मग प्रवाह वाहतो कसा? पाण्यानें भरलेली एक नळी डोळ्यांपुढें आणा. तिच्या मध्यभागीं रबराचा पडदा ताणून बसविला आहे. एका बाजूनें सारखा दाब दिला तर पडदा फुगेल आणि थांबेल. पाणी वाहणार नाहीं. पण तेंच पाणी पुढें-मागें, पुढें-मागें हालविलें तर ? पडदाही पुढें-मागें होईल, आणि पलीकडचें पाणी त्याच तालावर हालूं लागेल. एक थेंबही पडद्यापार गेला नाहीं, तरी हालचाल पलीकडे पोंचली. बॅटरीचा एकाच दिशेचा प्रवाह कंडेन्सर क्षणभर भरून घेतो आणि अडवितो. उलटसुलट प्रवाह मात्र त्याच्यांतून गेल्यासारखा होतो, तो असा.

हा उलटसुलटपणा दर सेकंदास कितीदां होतो त्या संख्येला कंपनसंख्या म्हणतात, आजच्या भाषेंत वारंवारता, आणि ती हर्ट्झमध्यें मोजतात. घरांतल्या विजेची कंपनसंख्या ५० आहे. कंडेन्सरचा सारा स्वभाव या एका संख्येवर अवलंबून आहे. दाब तोच असेल तर प्रत्येक हेलकाव्याला पत्र्यांवर तितकीच वीज चढते आणि उतरते. हेलकावे दसपट झाले, तर दर सेकंदास दसपट वीज ये-जा करील. घागर तीच, पण खेपा दसपट. तेव्हां पाणीही दसपट. दुसऱ्या शब्दांत, कंपनसंख्या दसपट झाली कीं कंडेन्सरचा अडथळा एक-दशांश होतो. कंडेन्सर दसपट मोठा घेतला, म्हणजे घागरच मोठी केली, तरीही तेंच घडतें. हिशेब करावयाचा असेल त्यानें कंपनसंख्या आणि फॅरडमधील धारकता यांचा गुणाकार करून त्यास ६·२८ नें गुणावें, आणि येणाऱ्या संख्येनें एकास भागावें. अडथळा ओहममध्यें मिळतो. एक मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ५० हर्ट्झला सुमारें ३,२०० ओहम अडथळा करतो, ५०० ला ३२०, ५,००० ला ३२. आणि दहा लक्षांला, म्हणजे मध्यम लहरींच्या पट्ट्यांत, एक-षष्ठांश ओहम देखील नाहीं. एकच वस्तु, पण एकाला भिंत, दुसऱ्याला फाटक, आणि तिसऱ्याला उघडें मैदान!

आमच्या किनाऱ्यावरच्या माणसाला हें समजण्यास खरें म्हणजे गणिताचीही गरज नाहीं. खाडीच्या कांठीं बांध घालून राखलेलें एखादें तळें असतें. बांधाला एक अरुंद मोरी असते, तिच्यांतून खाडीचें पाणी आंत-बाहेर करतें. बाहेर दोन प्रकारची हालचाल चालू आहे. भरती-ओहोटी, जिची एक फेरी सुमारें साडेबारा तासांची; आणि लाटा, ज्या दर आठ-दहा सेकंदांनीं येतात. तळ्याच्या कांठीं बसून पाहा. भरतीबरोबर तळें चढतें, ओहोटीबरोबर उतरतें; पण लाटांचा त्यांत पत्ताही नसतो. लाटेचें पाणी मोरींतून आंत शिरतें खरें, परंतु एवढ्या मोठ्या तळ्याची पातळी तसूभर वाढण्यापूर्वींच तें परत फिरतें. तळें म्हणजे कंडेन्सर, मोरी म्हणजे तारेचा रोध. संथ बदल तळ्यावर उमटतो, शीघ्र बदल तळें गिळून टाकतें. आतां कोणी उत्साही मनुष्यानें तळें शंभरपट मोठें केलें आणि मोरी तेवढीच ठेवली तर काय होईल ? लाटा तर जातीलच, पण भरतीही नीट उमटणार नाहीं. आमच्या रेडिओंत नेमकें हेंच झालें होतें.

रेडिओच्या पेटींत कंडेन्सर निरनिराळीं कामें करतो. त्यांतलीं तीन आपण पाहूं.

पहिलें काम केंद्र निवडण्याचें. आपण जें बटण फिरवून केंद्र लावतों, त्याच्या मागें जुन्या संचांत धातूच्या अर्धगोल पत्र्यांची एक रांग दुसऱ्या रांगेंत शिरत-निघत असे. हा बदलता कंडेन्सर तारेच्या एका वेटोळ्याला जोडलेला असतो. वेटोळ्याचा स्वभाव कंडेन्सरच्या अगदीं उलट. कंपनसंख्या वाढली कीं त्याचा अडथळा वाढतो. एकाचा अडथळा उतरता, दुसऱ्याचा चढता. कोठेंतरी एका कंपनसंख्येला ते सारखे होतात, आणि त्याच एका हाकेला ती जोडी 'ओ' देते. मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें; आमच्या जवळचें रत्नागिरीचें केंद्र आलें तें १९७७ सालीं. पुढें मालवणांत आम्ही मुंबईचें एक केंद्र ५५८ किलोहर्ट्झवर आणि रत्नागिरी ११४३ वर ऐकत असूं. ही कंपनसंख्या दुपटीहून किंचित् अधिक. पण जोडीचा नियम असा, कीं कंपनसंख्या दुप्पट हवी तर कंडेन्सर चौपटीनें लहान करावा लागतो. मुंबईसाठीं पत्रे ४०० पिकोफॅरडइतके आंत असतील, तर रत्नागिरीसाठीं ते सुमारें ९५ पर्यंत बाहेर काढावे लागत. पिकोफॅरड म्हणजे मायक्रोफॅरडचाही दशलक्षांश.

दुसरें काम घरघर काढण्याचें. घरांतली वीज ५० हर्ट्झची उलटसुलट, आणि संचाला हवी एका दिशेची. ती एका दिशेला वळविली तरी तिच्यांत सेकंदास १०० हेलकावे उरतात. ते गिळण्यास मोठें तळें लागतें. १६ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर या १०० हर्ट्झला केवळ १०० ओहमचा अडथळा करतो, म्हणून घरघर त्याच्या वाटेनें निघून जाते. हे मोठे कंडेन्सर आंत ओलसर द्रव भरलेले असतात. वर्षें लोटलीं कीं तो द्रव सुकतो. सोळांचे दोन उरले कीं अडथळा आठपट, म्हणजे ८०० ओहम होतो, आणि रेडिओ भ्रमरासारखा गुणगुणूं लागतो. जुना संच घरघरूं लागला तर पहिला संशय या कंडेन्सरवर घ्यावा तो यासाठीं.

तिसरें काम आवाजाचा पोत सांभाळण्याचें, आणि तेथेंच आमचा 'स' हरवला होता. माणसाच्या बोलण्यांत स्वरांचा भार मुख्यतः हजार हर्ट्झच्या खालीं असतो. पण स, श, च यांचा सळसळाट त्याच्या पुष्कळ वर, कांहीं हजारांच्या घरांत. आवाजाचें बळ स्वरांत आहे, अर्थ मात्र मोठ्या अंशानें व्यंजनांत. मध्यम लहरींच्या प्रक्षेपणांतून साडेचार-पांच हजारांच्या पुढचें फारसें कांहीं येतच नाहीं. म्हणजे 'स'चा मुळांत थोडकाच अंश आपल्यापर्यंत पोंचतो, आणि तेवढाच जपावयाचा असतो. दुर्दैवानें हवेंतल्या विजेची खरखरही त्याच वरच्या मजल्यावर फार जाणवते.

आतां हिशेब पाहा. व्हॉल्व्हचें काम सुमारें ५,००० ओहमच्या वाटेवर चाललें आहे असें धरा. कारखान्यानें तेथें ०·००५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आडवाटेला जोडलेला असतो. ४०० हर्ट्झच्या स्वराला ही आडवाट ८०,००० ओहमची आहे, म्हणून स्वर तिकडे वळत नाहीं. ४,००० हर्ट्झच्या 'स'ला ती ८,००० ओहमची आहे, म्हणून 'स' थोडा वळतो, पण बराचसा मुख्य वाटेनेंच जातो. खरखर घालविण्याच्या घाईंत त्या जागीं दसपट मोठा, ०·०५ चा, कंडेन्सर आला. आतां स्वराला आडवाट ८,००० ओहमची. तो अजून मुख्य वाट सोडीत नाहीं. पण 'स'ला तीच आडवाट अवघी ८०० ओहमची झाली, आणि तो बहुतेक सगळा तेथूनच पसार झाला. मागें राहिला निव्वळ 'आठ' ! श्रोतेहो, नळीला कान नव्हते. तिला शीघ्र आणि संथ एवढेंच कळत होतें. खरखर आणि 'स' दोन्ही शीघ्र. त्यांतला एक निरर्थक आणि दुसरा जीव वांचविणारा, हा भेद तिच्यापाशीं नव्हता. तो मनुष्यानें करावयाचा होता.

येथपर्यंत मी आदर्श कंडेन्सरची गोष्ट सांगितली. खऱ्या कंडेन्सरचे दोष आहेत, आणि तेही कंपनसंख्येप्रमाणें वर येतात. अगदीं संथ टोंकाला, म्हणजे एकाच दिशेच्या दाबाखालीं, त्यानें पूर्ण भिंत व्हावें. पण आमच्या किनाऱ्यावरची खारट, दमट हवा मेणकागदांत शिरते आणि भिंत पाझरूं लागते. कंडेन्सरचें माप मोजलें तर ठीक भरतें, पण पाझरलेला प्रवाह पुढच्या व्हॉल्व्हची घडी बिघडवितो आणि आवाज फाटतो. शीघ्र टोंकाला वेगळाच चमत्कार होतो. कंडेन्सरच्या दोन्ही टोंकांना जोडण्यासाठीं तार असते. एवढ्याशा तारेंतही वेटोळ्याचा गुण थोडा असतोच. ०·१ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरला एकेक सेंटीमीटरच्या दोन तारा ठेवल्या, तर सुमारें साडेतीन मेगाहर्ट्झला कंडेन्सर आणि त्याच्याच तारा यांची जोडी जमते. तोंपर्यंत अडथळा उतरत होता. तेथून पुढें तो चढूं लागतो. आतां तो कंडेन्सर राहिला नाहीं, वेटोळें झालें.

ही केवळ पुस्तकी बाब नव्हे. होडीवरच्या बिनतारी संचांत संकटसमयीं हांक मारण्याचा सोळा क्रमांकाचा मार्ग १५६·८ मेगाहर्ट्झवर आहे. त्या कंपनसंख्येला आपला हिशेबी कंडेन्सर एक-शतांश ओहमचा असावयास पाहिजे. त्या दोन सेंटीमीटर तारेमुळें तो सुमारें वीस ओहमचा होतो, म्हणजे जवळजवळ दोन हजारपट! म्हणून अशा संचांत, आणि आपल्या खिशांतल्या दूरध्वनींतही, तिळाएवढे, तार नसलेले कंडेन्सर पट्टीवर थेट डकविलेले असतात. याच कारणानें मोठ्या कंडेन्सरच्या शेजारीं एखादा चिमुकला कंडेन्सर जोडण्याची रीत आहे. नवख्याला वाटतें, मोठ्या हंड्याशेजारीं हा चमचा कशाला ? पण जेथें मोठा आपल्या जडपणामुळें निरुपयोगी होतो, तेथें तो चमचाच काम करतो.

ज्या घरांत आतां रेडिओ नसेल त्यांनीं पंख्याकडे पाहावें. छतावरच्या पंख्यांत बहुधा अडीच मायक्रोफॅरडच्या आसपासचा एक कंडेन्सर असतो. ५० हर्ट्झला तो सुमारें १,२७० ओहमचा अडथळा करतो, आणि आपल्या वाटेच्या प्रवाहाचा ताल दुसऱ्या वाटेच्या तालाच्या पुढें काढतो. दोन तालांच्या या ओढीनें पंख्याला फिरण्याची दिशा मिळते. पंखा मंद झाला, किंवा काठीनें ढकलल्याशिवाय सुरूच होईना, तर पंखा टाकून देण्यापूर्वीं जाणत्या माणसाकडून हा कंडेन्सर तपासून घ्यावा. पुष्कळदां थोडक्या रुपयांत तो पुन्हा पूर्ववत् फिरूं लागतो.

२००९ सालच्या नोव्हेंबरांत फयान वादळ कोंकण किनाऱ्याजवळून वर गेलें, आणि ११ तारखेस अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान जमिनीवर आलें. समुद्रांत गेलेले कांहीं मच्छीमार परत आले नाहींत. त्या बातम्या वाचतांना मला आमची ओटी आठवली, आणि पायरीवरचा तो तांडेल. त्याच्यापाशीं आकाश वाचण्याची विद्या होती, म्हणून आमच्या यंत्राची चूक त्या रात्रीं पदरांत आली नाहीं. प्रत्येक ओटीवर असा तांडेल असतोच असें नाहीं. म्हणून सूचना देणारें यंत्र गोड बोलतें कीं नाहीं हें पाहण्याआधीं तें स्पष्ट बोलतें कीं नाहीं हें पाहावें.

दुरुस्तीच्या दुकानीं गेल्यावर आपण विचारतों, कंडेन्सर केवढा ? हा प्रश्न अपुरा आहे. केवढा, आणि कोणत्या कंपनसंख्येसाठीं, असा प्रश्न विचारला पाहिजे. खरखर समूळ काढून टाकण्याचा आग्रह धरल्यास तिच्याबरोबर आणखी काय जाणार आहे, याची चौकशी आधीं करावी. त्या कारागिरानें संच परत देतांना आजोबांना एवढेंच सांगितलें होतें, "थोडी खरखर राहील. राहूं द्या." आजोबांनीं ती शेवटपर्यंत राहूं दिली, आणि आजीनेंही पुन्हा तक्रार केली नाहीं.